राणीच्या बागेतला कौल

माझ्या धाकट्या लवूला जुने दगड बघायची हौस होती. कुणाला पत्त्यांची असते, कुणाला नाटकाची, ह्याला दगडांची. मिलमध्ये साच्यावर होता. साचा म्हणजे कापड विणायचा माग. आठवडाभर त्या खडखडाटात उभं राहून कान बधिर झालेले. सुट्टीच्या दिवशी माणसाने पाय पसरून झोपावं की नाही? हा अंघोळ करून, भांग पाडून तयार. शिवडीचा किल्ला, वरळीचा किल्ला, बाणगंगा, म्युझियम. जिथे जुनं काही उभं असेल तिथे आम्हाला घेऊन निघायचा.

मी म्हणायची, "अरे लवू, आपल्या परसात दगड काय कमी होते?"

"आये, ह्या दगडांका इतिहास आसा."

"आमच्यांका विंचू होते. ते काय कमी?"

हसायचा आणि डब्याची पिशवी माझ्या हातात द्यायचा. आम्ही मालवणकडचे. माझा घरवाला भिवा त्याच मिलमध्ये खपला आणि त्याच्या जागेवर लवू लागला. मोठा धोंडू गावाला शेती बघायचा. लालबागच्या चाळीत आमची एक खोली, तिची मागची भिंत मिलच्या भिंतीला जवळजवळ चिकटलेली. खोलीत मी, लवू, त्याची बायको गुणवंती आणि त्यांची एकुलती एक मालन. गुणवंती वरळीच्या बीडीडी चाळीतली, मुंबईतच जन्मलेली, तिला आमची गावची बोली कळायची, पण बोलायची ती मुंबईचंच.

मालन दिसायला देखणी. केस कुरळे, डोळे मोठे, पण ते डोळे कुणाच्या डोळ्यांत बघायचे नाहीत. चार वर्षांची झाली तरी बोलेना. मग एक दिवस बसमधून घरी आली आणि दारात उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "पुढे सरका!" कंडक्टरचं ऐकून शिकली होती. आई नाही, बाबा नाही, आजी नाही, पहिला शब्द तो. पुढे तिची भूक, राग, झोप सगळं त्या दोन शब्दांतच यायचं. काड्यापेटीतल्या काड्या ती भिंतीच्या कडेने ओळीत लावायची. त्यातली एक जरी कुणाच्या पायाने सरकली तरी चाळ डोक्यावर घ्यायची. अंगाला हात लावू द्यायची नाही. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, मतिमंद आहे. खालची राधाबाई म्हणाली, बाहेरचं आहे. समोरचा रामदास म्हणाला, लाडाने बिघडली. आता टीव्हीवर बायका सांगतात, अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. तेव्हा हा शब्द असता तरी आमच्या चाळीचा जिना चढून वर आला असता की नाही, कोण जाणे.

लोक म्हणायचे, अशा पोरीला घेऊन कशाला फिरतोस? लवू म्हणायचा, घरात तरी ती कुठे सुखी आहे? त्याच्या मनात एकच होतं. कुठेतरी अशी एखादी जागा असेल की जिथे तिला बरं वाटेल. ती शोधायची.

म्युझियममध्ये तिला आवाज घुमलेला सहन झाला नाही, ती फरशीवर आडवी झाली. एक बाई म्हणाली, "वेडी आहे का हो?" लवू म्हणाला, "नाय ओ, दमलीय." बाणगंगेला ती एकेक पायरी करत पूर्ण तळ्याला फेरी मारून आली, ते बरं गेलं, पण शेवटच्या पायरीवर एक भटजी बसले होते. ते उठेनात आणि ही पायरी सोडेना. "पुढे सरका!" असं ती त्यांना इतक्यांदा म्हणाली की शेवटी त्यांनी जानवं सावरलं आणि सरकले. घारापुरीचं तर विचारूच नका. लाँचवर मी आधी चढले, डबा माझ्याकडे. मागून मालनने धक्क्यावरच अंग टाकलं. लवू आणि गुणवंती तिला उचलताहेत तोवर लाँच सुटली. मी ओरडते, लवू ओरडतो, लाँचवाला म्हणतो, "मावशी, बसा, पडाल." गेले मी एकटीच. लेणी बघितली, एवढा मोठा शंकर बघितला, सगळ्यांच्या वाटची भाकरी नि सुका बांगडा एकटीने खाल्ला, संध्याकाळी परत आले तर तिघंही धक्क्यावर तशीच बसलेली. आमच्या घरातली घारापुरी बघितलेली मी एकटी.

मग सापडली जागा. भायखळ्याची राणीची बाग. माकडं, हरणं, मगर, मालनने कशाकडे ढुंकूनही बघितलं नाही. फाटकाजवळ तिथल्या म्युझियमच्या अंगणात एक दगडी हत्ती आहे, काळा, खऱ्या हत्तीएवढा. त्याच्यासमोर ती थांबली. लवूने तिथली पाटी वाचून, चार लोकांना विचारून सगळी माहिती काढली. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. साहेबाने विलायतेला न्यायला म्हणून उचलला, तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. मग ते तुकडे पुन्हा जोडून इथे उभा केला. त्या जोडांच्या रेघा अंगभर दिसतात. मालनने हत्तीच्या डाव्या पुढच्या पायावरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते बोट रेघेरेघेने वर, पोटाखालून, मागे, फिरून पुढे, उजव्या पायापर्यंत आणलं. हात पोचेल तेवढं सगळं. मग तिने मोठा श्वास सोडला आणि गवतावर बसून डबा खाल्ला. त्या दिवशी तिने गुणवंतीला वेणी घालू दिली. गुणवंती वेणी घालता घालता रडत होती, आणि लवू हत्तीकडे बघून असा उभा, जसा हत्ती त्यानेच विणून काढलाय.

त्यानंतर दर सुट्टीला राणीची बाग. मालनचं काम ठरलेलं. डाव्या पायापासून सुरू, उजव्या पायावर संपवायचं. मध्ये कुणी दुसरं पोर आलं तर पुन्हा डाव्या पायापासून. मागच्या बाजूला साहेब लोकांचे जुने पुतळे आणून ठेवलेत, कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात. परतताना त्यांच्यासमोर उभी राहून ती म्हणायची, "पुढे सरका!" लवू म्हणायचा, "अगो, दीडशे वर्सां नाय सरकले, तुझ्या सांगण्यान सरकले तेवा."

आणि मग संप झाला. ब्याऐंशी सालचा जानेवारी. बाकीच्या लोकांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी आमच्या खोलीपुरतं सांगते. मिल चालू असायची तेव्हा आमची जमीन हलायची. भांड्यातलं पाणी थरथरायचं. बाहेरून कुणी आलं तर विचारायचं, भूकंप आहे काय? मालन जमिनीला कान लावून झोपायची, त्या थरथरीवर तिला झोप लागायची. मिल थांबली आणि जमीन मेली. ती कान लावायची, उठायची, भिंतीला कान लावायची, मग भिंतीवर कपाळ आपटायची. दिवसभर. आम्ही उशी मध्ये धरायचो. रामदास यायचा दारात. "लवू, आम्ही पण संपावरच आहोत रे, पण आमची पोरं काय भिंती फोडत नाहीत."

लवू सकाळी मिलच्या गेटावर जायचा, तिथे सगळे एकमेकांना सांगायचे, आठवड्यात मिटतंय. मग घरी येऊन मालनला घेऊन चालत राणीच्या बागेत. रोज. आता रोजच सुट्टी. बागेचा रखवालदार शामराव त्या दोघांना ओळखायला लागला, तो त्यांना तिकिटाशिवाय आत सोडून द्यायचा. बुधवारी बाग बंद असते. बुधवारचा दिवस आमच्या वैऱ्यालाही नको.

गुणवंती मशीद बंदरला मिरच्यांची देठं काढायला जायला लागली. संध्याकाळी यायची ती हात पुढे धरून, जसे काय ते दुसऱ्याचे हात. कितीही धुतले तरी आग जायची नाही. मालनला आधीच हात लावलेला चालायचा नाही, आता आईच्या वासानेच ती कोपऱ्यात जायची. गुणवंतीने वेणी घालायचं काम माझ्याकडे दिलं.

दुसरं वर्ष लागलं. निम्मी चाळ गावाला गेली होती. एका दुपारी लवू कामाच्या शोधात बाहेर गेलेला, माझे गुडघे धरलेले, आणि मालन जिन्यावरून उतरून गेली. मी मागून हाका मारतेय. हाकेला वळेल ती मालन कसली! चाळ पालथी घातली, गणेश गल्ली, मिलची मागची बाजू. शेवटी लवू धावत राणीच्या बागेत गेला. हत्तीपाशी होती. लालबाग ते भायखळा, ट्रक आणि बसच्या रस्त्यावरून, एकटी, अनवाणी. पायाला काच लागलेली. शामराव म्हणाला, "एक टॅक्सीवाला शिव्या देत सोडून गेला, त्याच्या गाडीखालीच यायची होती."

त्याच आठवड्यात लवूला वडाळ्याला लोखंडाच्या गोदामात काम मिळालं. सकाळी जायचं, रात्री यायचं. गोदामवाला म्हणाला, सोमवारी ये, नाहीतर दारात दुसरा उभाच आहे. आता पोरीला कोण बघणार? राधाबाई म्हणाली, "पाय बांधून ठेवा, मी तेच करते आमच्या बकरीचं." तिच्या मनात वाईट नव्हतं, बकरीवर तिचा जीव होता. लवू उठून गॅलरीत गेला.

नेमका धोंडू गावाहून आलेला. मला न्यायला आला होता खरं तर. सगळं ऐकून म्हणाला, "पोरीक माझ्यावांगडा धाड. थय मोठा आवार आसा, गाडये नाय, घोडे नाय. खाईत, फिरात. हिची काकी आसा."

गुणवंती म्हणाली, "भावोजी, तिला ताट बदललं तरी चालत नाही. गाव कसं चालेल?"

"मगे हय कोण बघतलो? तू?"

"मी काम सोडते."

"आणि खाशात काय?"

सगळे लवूकडे बघायला लागले. तो भिंतीकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "कौल लावूया."

आमच्याकडे घरात मोठा प्रश्न पडला की गावच्या देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघतो. उजवी पडली तर देवाचं हो. डावी पडली तर नाही. लग्नं ठरतात त्यावर, मुंबईला यायचं ठरतं त्यावर. भिवा मुंबईला आला तो पण कौल घेऊनच.

धोंडू म्हणाला, "मगे चल गावाक. रवळनाथाक विचारूया."

"सोमवारी माका कामार जावचा आसा. हयच विचारूया."

"हय खय देव आसा आपलो?"

"राणीच्या बागेत."

धोंडू माझ्याकडे बघायला लागला, की हा संपाने खुळा झाला की काय. लवूने समजावून सांगितलं. हत्ती घारापुरीचा. घारापुरी शंकराची. हत्ती शंकराच्या दारातला राखणदार. आणि आपला रवळनाथ म्हणजे तरी कोण? शंकरच. म्हणजे हत्ती घरचाच झाला.

मी म्हटलं, "अरे पण तो भंगलेलो आसा. भंगलेल्या दगडाक कोण कौल लावता?"

"भंगलेलो नाय, आये. जोडलेलो."

रविवारी सकाळी आम्ही गेलो. पाचही जण. मी तगरीची फुलं आणि तांब्या घेतला. मालन पुढे, कुठे जायचं ते तिला माहीत. शामराव फाटकावरच होता. तांब्या बघून म्हणाला, "हे काय? देऊळ नाय हे. महापालिकेचा हत्ती आहे."

लवू म्हणाला, "दोन मिनटं शामराव. कौल लावायचाय."

"कसला कौल?"

लवूने सांगितलं. शामरावने टोपी काढून डोकं खाजवलं. "लवकर उरका. साहेब राउंडला येतो. आणि हे बघा, जमलं तर माझ्या बदलीचं पण विचारा."

धोंडू म्हणाला, "एका कौलात दोन गाऱ्हाणी चलनत नाय."

मग उजवं कुठलं यावरून वाद. शामराव म्हणाला, आपल्या उजव्या हाताचं ते उजवं. धोंडू म्हणाला, देवाच्या उजव्या हाताचं. शामराव म्हणाला, हत्तीला हात कुठेत? मी म्हटलं, मेल्यांनो, साहेब येईल, आटपा. धोंडूचं ठरलं, हत्तीचं उजवं ते उजवं. तो म्हणाला, पाकळ्या वर मस्तकावर लावूया, चौथऱ्यावर चढतो. लवू म्हणाला, "वर कित्याक? खाली पायांरच लाव." धोंडू म्हणाला, देवाच्या पायाला कुणी कौल लावतं का? लवू म्हणाला, "लाव म्हणतंय तर." आणि त्यानेच पाकळ्या भिजवून हत्तीच्या पुढच्या दोन पायांवर एकेक लावली. उजव्यावर एक, डाव्यावर एक. काळ्या दगडावर पांढऱ्या, उठून दिसत होत्या.

लवूने हात जोडले. मिलच्या गेटावर घोषणा द्यायचा तो आवाज बसलेला, पण गाऱ्हाणं स्वच्छ घातलं.

"बा म्हाराजा, तू घारापुरीच्या शंकराच्या दारातलो. तुका घरातसून उचलून हय आणल्यानी, तसे आमी पण घर सोडून हय इलो. तू पडलंस, मोडलंस, तरी पुन्ना उभो रवलंस. माझी मालन तुका रोज हात लावता, ता तू बघतंस. आता ह्या पोरीक आमच्यापाशी ठेवची की काकाबरोबर गावाक धाडची, ह्या माका कळना नाय. ठेवची आसात तर उजवी दे, म्हाराजा. धाडची आसात तर डावी दे."

"व्हय म्हाराजा," धोंडू म्हणाला. शामरावपण म्हणाला.

आम्ही सगळे पाकळ्यांकडे बघत उभे. गुणवंतीने मालनचं मनगट धरलं होतं. मालन आधी गुणगुणत होती, मग तिचं गुणगुणणं वाढलं. हत्तीच्या पायावर जे काल नव्हतं ते आज होतं. काड्यांच्या ओळीतली काडी सरकली की तिचं जे व्हायचं तेच व्हायला लागलं. तिने हिसका दिला, गुणवंतीचे ते भाजलेले हात, सुटली. सरळ डाव्या पायापाशी गेली आणि पाकळी काढून खाली टाकली.

"डावी!" धोंडू म्हणाला. "डावी पडली!"

मी ओरडले, "पडली खय? तिना काढल्यान! तुझ्या डोळ्यांदेखत काढल्यान!"

"आये, हात तिचो, पण काढून घेणारो कोण?"

"ह्याका काय अर्थ आसा? लवू, सांग ह्येका. पुन्ना लाव पाकळी."

धोंडू म्हणाला, "एकदा झालेलो कौल पुन्ना लावचो नाय. तुका म्हायत नाय काय, आये?"

मालन आता रेघेरेघेने निघाली होती, शेवटी उजव्या पायापाशी येऊन दुसरी पाकळी काढणार, तेवढ्यात शामराव म्हणाला, "साहेब, साहेब!" आणि धोंडूने तिला कमरेत धरून उचललं. उजवी पाकळी तशीच राहिली. ती किंचाळत राहिली, एक हात हत्तीकडे करून.

बाहेर फुटपाथवर गुणवंती लवूच्या समोर उभी राहिली. कधी नवऱ्यासमोर अशी उभी राहिली नव्हती. म्हणाली, "ती रोज त्याच पायापासून सुरुवात करते. तुम्ही रोज बघता."

लवूने धोंडूकडून मालनला आपल्याकडे घेतलं.

"संपावर जाताना कुणाला कौल लावला होता? तेव्हा देवाला विचारावंसं वाटलं नाही. पोरीच्या वेळी वाटलं."

"गुणवंते, माणसं बघतायत," मी म्हटलं.

"बघू दे. तिला गर्दी चालत नाही, मला चालते."

लवू मालनला खांद्यावर घेऊन चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे परळहून एस्टी. लवू कामावर जायच्या आधी सोडायला आला. बस म्हणजे मालनच्या ओळखीची वस्तू, ती आपणहून चढली, खिडकीशी बसली आणि मोठ्याने म्हणाली, "पुढे सरका!" सगळी गाडी हसली. तिला वाटलं असेल, आम्ही मागून चढतोय. माझं जायचं मी रद्द केलं होतं, गुणवंतीपाशी कुणीतरी हवं म्हणून. गाडी हलली. तिने वळून बघितलं नाही, कारण ती कधीच वळून बघायची नाही. पनवेलच्या पुढे तिने ओरडायला सुरुवात केली, ती घाट उतरेपर्यंत, असं धोंडू नंतर सांगत होता. लोकांनी गाडी थांबवायला लावली होती.

गावी तिला कुणी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. काकीने तिला भरवलं, अंघोळ घातली. लावणीच्या दिवसांत सगळे शेतात, तेव्हा जुन्या लुगड्याने खांबाला बांधून ठेवायचे. शेतकऱ्याने दुसरं काय करायचं? पण मालनचे ते दोन शब्द गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

शिमग्यानंतर गुणवंती म्हणाली, "आणायला चला. नाहीतर मी एकटी जाते." लवूने गोदामात रजा मागितली. आम्ही तिघं गेलो. मालन उंच झाली होती. केस कापलेले. दिवसभर ती चालायची, विहिरीपासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून दारापर्यंत, दारापासून विहिरीपर्यंत. तिच्या पायाने अंगणात वाट पडली होती, बोटभर खोल. लवू त्या वाटेत जाऊन उभा राहिला. "मालन." ती आली, खांबाला वळसा घालावा तसा त्याला वळसा घातला, आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघालो. आवाराच्या बांधापर्यंत आली. बांधापलीकडे पाय ठेवेना. लवूने उचललं तशी तिने स्वतःचा हात चावायला सुरुवात केली. रक्त आलं तरी सोडेना. धोंडू धावत आला, काकी धावत आली. लवू तिला घट्ट धरून म्हणतोय, "बाबा आहे, बाबा आहे." त्याच्या शर्टावर रक्त.

गुणवंती म्हणाली, "सोडा तिला."

"अगो, घरी नेतोय."

"हे तिचं घर आहे आता. एकदा उचलून आणलंत. पुन्हा उचलू नका."

लवूने सोडलं. मालन परत गेली आणि विहिरीपासून चालायला लागली. गुणवंतीने आपली पिशवी बांधावर ठेवली.

"तुम्ही जा. तुमची ड्यूटी चुकेल."

"आणि तू?"

"मी आहे."

रागाने नाही बोलली. बाजारात काय आणायचं ते सांगावं तसं बोलली.

मी आणि लवू परत आलो. तो वडाळ्याला लोखंड उचलायचा, आणि सुट्टी मिळाली की मिलच्या गेटावर जायचा. आधी तिथे माणसं असायची, मग बोर्ड राहिला, मग गेटही काढलं. आता तिथे एवढी उंच इमारत आहे की तिच्या सावलीत आमची चाळ दुपारीच काळोखी होते. दगड बघायचं लवूने सोडलं. मी कधी मुद्दाम म्हणायची, "चल रे, शिवडीचो किल्लो बघूया." तो म्हणायचा, "बघितलो." गणपतीला गावी जायचा. गुणवंती त्याला जेवू घालायची, पाणी काढून द्यायची, नवऱ्याचं करावं ते सगळं करायची. मुंबईचं नाव दोघंही काढायची नाहीत. मालन त्याला वळसा घालायची.

मग त्याची छाती भरली. खोकला, वाळत जाणं, हॉस्पिटलच्या फेऱ्या. एका दुपारी मी त्याला पेज भरवत होते. म्हातारीने मुलाला भरवायचं, ते उलटं व्हायला हवं होतं. कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "लवू, त्या दिवशी धोंडू पाकळ्यो वर लाव म्हणी होतो. तू खाली कित्याक लावलंस? ती काढतली, ता तुका ठाऊक होता मा?"

त्याने घोट गिळला. "होता."

"मगे?"

"माका वाटला, एक दिवस तरी ती उजवेसून सुरू करात."

मी चमचा वाटीत ठेवला.

"देवाक नाय विचारलंय, आये. तिकाच विचारलंय. उजवेसून सुरू केल्यान असता, तर मी म्हटलंय असतंय, ही बदालता, हिका सांबाळूक येतला. सोमवारी कामार नाय गेलंय असतंय."

"आणि ती डावेसून गेली."

"ती रोज डावेसूनच जाय, आये."

तो पुढे महिनाभर पण राहिला नाही. गुणवंती आली, सगळं केलं, रडली नाही. मालनला तिच्याशिवाय कुणाच्या हातचं चालत नाही, म्हणून तेराव्यापर्यंतही थांबता येत नव्हतं. तिची वळकटी दाराशी तयार होती तेव्हा मी तिला लवूचं बोलणं सांगितलं. वाटलं, ऐकून तिला काही हलकं होईल.

ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, आई. तुम्ही सगळे पाकळ्यांकडे बघत होतात. हे तिच्याकडे बघत होते, आणि मी पण. मी पण तेच मागत होते."

मग साडीचा पदर खोचून वळकटी उचलली. "पण मी त्यावर पोरीची पैज लावली नसती," असं म्हणाली आणि जिना उतरून एस्टीला गेली.